इंजिन बंद, आई सुरू

रेडिओवरची खरखर थांबावी म्हणून मी एकदा विमानाचं इंजिन बंद केलं होतं. विमान त्या वेळी हवेत होतं. मी त्या विमानात होते. दुसरं कोणी नव्हतं, हीच काय ती देवाची कृपा.

हे मी आजवर लेखी कुठेच दिलेलं नाही. उभी हयात लोकांना विमान चालवायला शिकवण्यात गेली, आणि शिकवणाऱ्या बाईने असल्या गोष्टी छापायच्या नसतात. पण नातू म्हणाला, "आजी, आता तुझं लायसन काढून घ्यायला कोण येणार आहे? लिही." माझे विद्यार्थी आज मोठमोठी विमानं चालवतात. त्यांतल्या कोणी हा दिवाळी अंक कामावर असताना उघडला असेल, तर त्याने तो आत्ताच मिटावा आणि समोर बघावं.

तेव्हा माझं वय होतं वीस, आणि अक्कल त्याच्या निम्मी. संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. आम्ही मुंबईचे जुने लोक. आजोबांच्या वेळी घरं होती, वडिलांच्या वेळी ठाकूरद्वारच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या उरल्या. कोलंबीची हौस तेवढी आजोबांच्या वेळेइतकीच राहिली.

विमानाच्या आधी मला वेड लागलं ते रेडिओचं. महायुद्धातून उरलेलं बिनतारी सामान चोरबाजारात ढिगाने पडलेलं असे. कॉलेजच्या पिशवीत पुस्तकांखाली रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह लपवून मी ते घरी आणी. हौशी रेडिओ म्हणजे काय, ते सांगते. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, घरी बसून टकटक करायची, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी माणसाला विचारायचं, "माझा आवाज कसा येतोय? तुमच्याकडे हवा कशी आहे?" झालं. आई म्हणायची, "एवढंच बोलायचं तर माईंशी बोल. भिंतीपलीकडेच आहेत."

माई म्हणजे आमच्या शेजारीणबाई. गच्चीवर मी मोठ्या कष्टाने एरियलची तार ताणली, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर माईंचं नऊवारी लुगडं वाळत होतं.

"माई, अहो त्या तारेवर ऑस्ट्रेलिया येतं!"

"येऊ दे की. माझ्या लुगड्याने त्याला काय होतंय?"

वर्षभर आमचं हे चाललं. माझं ऑस्ट्रेलिया ओलं, त्यांचं लुगडं तारेच्या गंजाने डागाळलेलं. लुगडं पूर्वेकडे फुगलं की वारा पश्चिमेचा, हे तेवढं मला पाठ झालं. त्याचा उपयोग पुढे येईल.

विमान शिकणाऱ्यांना सरकार त्या काळी मदत करी, म्हणून मी जुहूच्या क्लबात नाव घातलं. वडिलांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, तिथल्या कॅप्टन बांदेकरांना विचारलं, "मुलींना घेता?" कॅप्टन म्हणाले, "मी विमानाला विचारलं. त्याची हरकत नाही." मग भाऊंचीही उरली नाही. आईने मात्र हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी जुहूला निघाले की ती डबा द्यायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "केस बांध नीट. वर वारा असेल."

कॅप्टन युद्धात विमानं चालवून आलेले. त्यांची शिकवणी एका प्रश्नात मावायची. सगळं सुरळीत चाललेलं असताना ते मागून ओरडत, "सुलोचनाबाई, आत्ता या क्षणी इंजिन बंद पडलं, कुठे उतराल?" बोट दाखवायचं. शेत दाखवलं की ते म्हणत, "विहीर दिसली का?" मैदान दाखवलं की, "आणि ती म्हैस?" इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही, घसरगुंडीवरून यावं तसं येतं. पण घसरगुंडी एकच, आणि परत वर चढता येत नाही. उतरताना वाऱ्याला तोंड द्यायचं, म्हणजे वेग मोडतो. वारा कुठून येतोय ते कसं कळणार? मुंबईच्या वैमानिकाला त्याची काळजी नव्हती. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या चिमण्या धूर सोडत. धूर जिकडे झुकला तिकडे वारा चालला. मुंबईच्या धुराला नावं ठेवणारे पुष्कळ होते, आम्ही मात्र त्याचे ऋणी होतो.

आमचं विमान युद्धातलं जुनं, पंखांच्या दोन जोड्यांचं, वरून उघडं. त्यात रेडिओ नव्हता आणि बटण दाबून सुरू होणारं इंजिनही नव्हतं. पुढचा लाकडी पंखा खालून कोणीतरी हाताने फिरवून द्यायचा. ते काम तातूचं. तातू आमचा मेकॅनिक, मालवणकडचा, लालबागला राहणारा. इंजिनाबद्दल बोलताना घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोले. त्या महिन्यात दुसऱ्या एका विमानाचं इंजिन हवेत खोकलं होतं, आणि कॅप्टनांनी सगळ्यांसमोर तातूला सांगितलं होतं, "आणखी एक इंजिन असं वागलं, तर लालबागला जाऊन गिरणी शोध." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

आता आईकडे येते. आईला रेडिओवर बोलावणं आलं. दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात पाककृती सांगायची होती, आणि तीही थेट. तेव्हा बरेच कार्यक्रम असे थेट होत; तोंडातून गेलं ते गेलं. आईने भानोलं निवडलं. कोबी, कोलंबी, पीठ, वाटण, सगळं एकत्र कालवून खाली-वर निखारे ठेवून भाजायचं, असा आमच्याकडचा तो पदार्थ. आठवडाभर ती आरशासमोर "श्रोत्या भगिनींनो" म्हणत होती. मला म्हणाली, "तू ऐकशील ना? चाळीतल्या सगळ्या ऐकणार आहेत. पण त्या चुका काढायला ऐकतील." मी म्हटलं, "कुठेही असले तरी ऐकीन." वीस वर्षांची माणसं अशी वचनं देतात.

आणि नेमका त्याच दिवशी हरताळ पुकारला गेला. गिरण्या बंद, दुकानं बंद, ट्राम बंद. त्या वर्षांत गोळ्याही चालल्या, माणसं गेली. त्यावर थट्टा करायची माझी छाती नाही. पण आमच्या घरात त्या सकाळी जे झालं ते, मला मागाहून कळलं तसं, थट्टेचंच होतं. भाऊ शर्टाला काळी फीत लावून म्हणाले, "आज रेडिओवर जायचं नाही. हरताळ आहे."

आई म्हणाली, "सकाळी चहा घेतलात?"

"घेतला."

"दुपारी जेवणार?"

"म्हणजे काय?"

"मग हरताळ दुकानांना आहे, चुलीला नाही. मी चुलीबद्दलच बोलणार आहे." आणि ती ठेवणीतलं पातळ नेसून पायी निघाली. मागोमाग भाऊ, काळ्या फितीसकट, तिची पर्स धरून.

मी आदल्या दिवशीच पार्ल्याला मावशीकडे जाऊन राहिले होते. कॅप्टनांनी मला एकटीने पनवेलपर्यंत जाऊन परत यायला सांगितलं होतं. माझा हिशेब साधा होता: परतताना आईची वेळ होणार. म्हणून मी बॅटरीवर चालणारा दोन व्हॉल्व्हचा सेट बनवला आणि घरातल्या एका पत्र्याच्या डब्यात बसवला. डब्यावर आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'चकली भाजणी'. तो मांडीजवळ बांधला, कातडी टोपीच्या आत हेडफोन घातले, आणि तार पंखाच्या खांबाला गुंडाळली. तातू हरताळामुळे अडकू नये म्हणून रात्री हँगरमध्येच झोपलेला. डबा बघून म्हणाला, "वर जावन् खातलंस काय गो?" मी म्हटलं, "हो."

पनवेलहून परत येताना मी वाट थोडी वाकडी केली. म्हटलं, धुराविना गिरणगाव कसं दिसतं ते बघू. आणि खरंच, तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सगळ्या चिमण्या विझलेल्या उदबत्त्यांसारख्या उभ्या. लालबागचा रस्ता मोकळा, आणि त्यावरून मुंग्यांची ओळ चालावी तसा एक मोर्चा दादरच्या दिशेने निघालेला. छपरं, गॅलऱ्या, दोऱ्यांवरचे कपडे, सगळं धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ. मी परळवर होते. वेळ झाली. डब्याचं बटण फिरवलं.

कानात कढईत मोहरी फुटावी तसा आवाज. आता हे मला आधी कळायला हवं होतं. इंजिनात ठिणग्या पडतात, आणि प्रत्येक ठिणगी रेडिओत बोलते. परवाना मिळवलेल्या हौशी रेडिओवालीला हे ठाऊक नसावं? ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळाले होते.

त्या तडतडीतून कुठेतरी लांब "भगिनींनो" ऐकू आलं.

मी विचार केला. खरं तर विचार केला असता तर पुढचं झालं नसतं. ठिणग्यांची कळ बाहेरच्या बाजूला, हाताशी होती. ती खाली पाडली तर ठिणग्या थांबतील. पुढून येणाऱ्या वाऱ्याने पंखा फिरत राहील. कळ वर केली की इंजिन परत धरेल. मी कळ पाडली. आणि काय सांगू, आईचा आवाज असा आला, जणू मागच्या सीटवर बसली आहे! "कोबी बारीक चिरून घ्यावा." कळ वर केली. इंजिनाने एक फटाका वाजवला आणि परत धरलं. मला वाटलं, आपण मोठा शोध लावला.

दुसऱ्यांदा कळ पाडली तेव्हा हाव सुटली. तारांमधून वारा शीळ घालत होता. तीही नको म्हणून मी नाक जरा वर केलं आणि वेग कमी केला. आई वाटणाचं सांगत होती. घरात कधी "घ्यावं, घालावं" अशी न बोलणारी माझी आई पुस्तकातल्यासारखी बोलत होती. मी रंगून ऐकत होते. आणि समोरचा पंखा एकदा डुलला, दोनदा डुलला, आणि पाटासारखा आडवा होऊन थांबला.

थांबलेला पंखा खालूनच फिरवून द्यायचा असतो. आणि तातू जुहूला होता.

कॅप्टनांचा तो प्रश्न मला हजारदा विचारला गेला होता, आणि आता विचारायला कोणी नव्हतं. शिवाजी पार्क? तिथे सभेची गर्दी जमू लागलेली. परळची मैदानं? भोवती चाळी. पूर्वेला वडाळ्याची मिठागरं चमकत होती, आणि त्यांच्या कडेला एक कोरडा पट्टा दिसत होता. तिकडे नाक वळवलं. आता वारा. सवयीने चिमण्यांकडे बघितलं. एकीतूनही धूर नाही! आख्ख्या मुंबईने त्या दिवशी धूर बंद ठेवला होता आणि मला वारा कुठला ते कळेना.

कानात आई. "आता आच मंद करावी. वरून निखारे ठेवावेत. मध्येमध्ये उघडून बघू नये."

तेवढ्यात नायगावच्या चाळींच्या गॅलऱ्या दिसल्या. हरताळ असो की काही असो, बायकांनी धुणं वाळत घातलं होतं. लुगडी फुगलेली, सगळी पूर्वेच्या बाजूला. माईंचं लुगडं! वारा पश्चिमेचा. अलीकडच्या रेल्वे यार्डाच्या रुळांवरून, खांबांवरून कशीबशी पुढे गेले, मिठागराच्या पूर्वेला जाऊन वळले आणि पट्ट्याला समोरून आले. विमान वळवायची काठी मी सारखी हलवत होते.

आई म्हणाली, "भांड्याला सारखा हात लावू नये. ते त्याच्या वेळेने होतं."

मी हात सैल सोडला. देवाशपथ सांगते, मी फक्त तेवढंच केलं. शेवटच्या एका बांधावरून आम्ही कसेबसे गेलो. चाकं टेकली, पट्टा धावून संपला, पुढच्या खाचरात चाकं रुतली, विमानाने सावकाश नाक चिखलात खुपसलं आणि शेपूट वर केली. पंखा मोडला. मी कमरेच्या पट्ट्यात लटकलेली. कानात आई म्हणत होती, "कडा सुटू लागल्या की समजावं, झालं. नमस्कार."

मिठाच्या ढिगांमागून आगरी बायका धावत आल्या. एकीने टोपीखाली बघितलं आणि ओरडली, "अगो बाय, इमानान बायमानूस हाय!" त्यांनी मला उतरवलं, पाणी दिलं, आणि हरताळासाठी विमानातून पत्रकं टाकायला आले होते का, असं विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांची निराशा झाली.

एकीचा नवरा यार्डात गेला आणि तिथल्या फोनवरून जुहूला निरोप पोचला. बऱ्याच वेळाने क्लबची जीप आली, आत कॅप्टन आणि तातू. कॅप्टन उतरले, त्यांनी मला खालीवर बघितलं, हाडं शाबूत आहेत ते पाहिलं, आणि मग तातूकडे वळले. नुसतं बघितलं.

तातू चिखलात गुडघे टेकून इंजिनाचं झाकण उघडत होता. नळ्या बघितल्या, प्लग काढून पुसले, परत बसवले, परत काढले. "माझा इंजिन असा मरूचा नाय," तो पुटपुटत होता. "मरूचा नाय. खंय चुकलंय मी?"

कॅप्टनांनी मला विचारलं, "हा डबा कसला?"

"भाजणीचा," मी म्हटलं. आणि डब्यावर तसं लिहिलेलंही होतं. इतकं सोपं होतं. गप्प बसले असते तर इंजिन बंद पडलं, एवढंच राहिलं असतं. मी शूर ठरले असते, आणि तातू लालबागला गिरणी शोधत फिरला असता. तातूने तेवढ्यात सहाव्यांदा तोच प्लग पुसायला घेतला.

"मी बंद केलं," मी म्हटलं.

"काय?"

"इंजिन. मीच कळ पाडली."

"का?"

"रेडिओ ऐकायला."

कॅप्टनांनी डब्यावरचं 'चकली भाजणी' वाचलं. मग म्हणाले, "काय लागलं होतं?"

"भानोलं."

तातू उठला. हातातला प्लग त्याने खिशात टाकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझो जीव घेतलंस गो चेडवा." पुढे महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. आणि तो क्लबात होता तोवर, मी शिक्षिका झाल्यावरसुद्धा, पंखा फिरवण्याआधी माझी पिशवी उघडून बघायचा.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा चाळीत वेगळाच गोंधळ. आईने आख्खी कृती सांगितली होती आणि मीठ सांगायला विसरली होती! माई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "अगं, मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. मिठाचा म उच्चारला नाहीस." आई कोपऱ्यात तोंड पाडून बसलेली. मला बघताच म्हणाली, "तू ऐकलंस?"

"शेवटपर्यंत. शब्द न् शब्द."

"खरखर?"

"अजिबात नव्हती."

"मीठ राहिलं, ते कळलं?"

"नाही," मी म्हटलं. माझ्या पायांवर गुडघ्यापर्यंत मीठ वाळून पांढरं झालं होतं. ते तिला दिसलं असणार. विचारलं नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. काळबादेवीच्या एका कापडवाल्यांचा मुलगा मुहूर्त बघून हवेत जायचा, आणि उतरायचा मुहूर्त निघाला नाही की माझ्याकडे बघायचा. परळच्या इस्पितळातले एक डॉक्टर विमान आपटलं की त्यालाच "सॉरी हं" म्हणायचे. मुलं विचारत, "बाई, तुमचं इंजिन कधी बंद पडलंय?" मी "हो, एकदा" एवढंच म्हणे, आणि ती माझ्याकडे आदराने बघत. तो आदर मी फुकट खाल्ला, ही रुखरुख आहे.

पहिल्यांदा शिकत होते तेव्हा आमच्यात कॉम्प्युटर म्हणजे वारा आणि वेग यांचं गणित करणारी पत्र्याची गोल चकती. उतारवयात मी खरा कॉम्प्युटर घेतला, टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्रॅम लिहिण्याचा तिसरा नाद लागला. एकदा त्यात तो दिवस घातला: उंची, वजन, वारा, अंतर. उत्तर आलं की मी मिठागरापर्यंत पोचलेच नाही. अलीकडच्या यार्डात, रुळांवर पडले. नातू म्हणाला, "आजी, प्रोग्रॅम चुकलाय." मी महिनाभर चूक शोधली. नव्हती. मग मी टीव्हीवर बातम्या लावल्या.

पण हे पुढचं सगळं होण्याआधी, मिठागराच्या त्याच आठवड्यात, एक रविवार यायचा होता. त्या रविवारी सकाळी कॅप्टन बांदेकर आमच्या तीन जिन्यांवरून वर आले. भाऊंनी खुर्ची दिली. माई काही मागायच्या निमित्ताने दारात. कॅप्टनांनी सगळं सांगितलं. कळ, पंखा, मिठागर, डबा. आई ऐकत होती. हातातली पिठाची वाटी तिने कधी खाली ठेवली तिलाही कळलं नाही.

"नियमाने हिला काढायला हवं," कॅप्टन म्हणाले. "मी तीन दिवस तेच ठरवतोय. पण हिने तातूवर ढकललं नाही. आणि उतरवलं ते, खरं सांगतो, माझ्या जुन्या मुलांनाही जमलं नसतं. मला ठरवता येत नाही. तुम्ही आई-वडील आहात. शिकवू की नको, ते तुम्ही सांगा."

भाऊ म्हणाले, "मी हरताळाच्या दिवशी घरातच बसा म्हटलं होतं. दोघींनाही." आणि आईकडे बघितलं. मीही बघितलं. मला शंका नव्हती. ती नाही म्हणणार होती, आणि तिचं बरोबर होतं.

आईने पदराला हात पुसले. माझ्याकडे बघितलं नाही. कॅप्टनांना म्हणाली:

"शिकवा हो तुम्ही तिला. मी भानोल्यात मीठ सांगायला विसरले, तरी रेडिओवाल्यांनी मला पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."